अकरावीच्या उंबरठ्यावर : एपी, आयबी, ए लेव्हल आणि आपली बारावी

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. जागेअभावी पत्रांतील मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

प्रश्न : माझी नात अमेरिकेत, टेक्सास राज्यात दहावीत शिकते. पुढच्या दोन वर्षांसाठी तिच्या शाळेने एपी, आयबी आणि ड्युअल क्रेडिट अशा तीन वाटा पुढे ठेवल्या आहेत. मुलाचे म्हणणे आयबी, सुनेचे म्हणणे एपी, आणि शेजारच्या घरातील मुलीने ड्युअल क्रेडिट घेऊन कॉलेजचे जवळजवळ एक वर्ष वाचवले म्हणून नातीचा ओढा तिकडे. रविवारी सकाळी फोन लागला की हाच वाद ऐकू येतो. रात्री एक-एक वाजेपर्यंत पोर जागते. यांतले श्रेष्ठ कोणते, हे एकदा समजावून सांगावे.
— निवृत्त बँक कर्मचारी, जुळे सोलापूर

उत्तर : श्रेष्ठ कोणते, असे आपण विचारले आहे, परंतु या तीन गोष्टी मुळात एका जातीच्या नाहीत आणि घरातल्या वादाचे मूळ बहुधा तिथेच आहे. एपी म्हणजे सुटे विषय, हवे तेवढे घ्यावेत आणि नको ते सोडावेत. आयबी म्हणजे ठरलेली पूर्ण थाळी, जिच्यातली आमटी नको म्हणून चालत नाही. ड्युअल क्रेडिट म्हणजे शाळेत असतानाच एखाद्या कॉलेजात नाव घालून तिथल्या विषयाचे क्रेडिट, म्हणजे पुढे पदवीत धरले जाणारे श्रेय, मिळवणे.

एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हा कार्यक्रम एसएटी ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा घेणारी कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून चालवते. चाळीसच्या आसपास विषय आहेत, प्रत्येकाची मे महिन्यात एकच परीक्षा होते आणि गुण १ ते ५ या पट्टीवर मिळतात. ३ मिळाले म्हणजे साधारणपणे उत्तीर्ण समजतात. मात्र वर्षभरातली वर्गातली श्रेणी वेगळी आणि मेमधल्या परीक्षेचे गुण वेगळे, हे आपल्याकडून पाहणाऱ्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. वर्गात ए मिळवणाऱ्या मुलीला परीक्षेत २ मिळू शकतात, आणि कॉलेजचे क्रेडिट केवळ परीक्षेवर ठरते. त्यातही कोणत्या गुणाला काय द्यायचे ते प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. एमआयटीसारखी संस्था कॅल्क्युलस बीसी या पेपरात ५ असतील तरच पहिल्या सत्राच्या गणिताचे क्रेडिट देते. एक सोय मात्र मोठी आहे, ती अशी की गुण मनासारखे आले नाहीत तर ते कळवलेच पाहिजेत असे बंधन बहुतेक ठिकाणी नसते.

आयबीचा, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलोरिएटचा, डिप्लोमा हा १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झालेल्या संस्थेचा. दोन वर्षांत सहा विषय करायचे, त्यांपैकी तीन, क्वचित चार, हायर लेव्हलला म्हणजे प्रत्येकी सुमारे २४० तास आणि उरलेले स्टँडर्ड लेव्हलला म्हणजे सुमारे १५० तास. प्रत्येक विषयाला कमाल ७ याप्रमाणे ४२, आणि ४,००० शब्दांचा दीर्घ निबंध व थिअरी ऑफ नॉलेज हा विषय मिळून जास्तीत जास्त ३, अशी ४५ गुणांची बेरीज होते. डिप्लोमासाठी किमान २४ लागतात. शिवाय कला, खेळ आणि समाजसेवा यांत दोन वर्षे काय केले याची नोंद ठेवावी लागते. तिला गुण नसतात, परंतु ती अपुरी राहिली तर डिप्लोमाच मिळत नाही. ज्या मुलीला वाचायला आणि लिहायला मनापासून आवडते, तिला यात सुख आहे. जिला गणितात पाच तास बसवते पण दोन पाने निबंध लिहिताना रडू येते, तिच्यासाठी ही दोन वर्षे फार लांब होतात.

आता शेजारच्या मुलीचे. टेक्सासमधील सरकारी विद्यापीठांमध्ये पदवीच्या पायाभूत विषयांचा ४२ क्रेडिटांचा एक समान गाभा आहे, आणि त्यात बसणारा विषय कम्युनिटी कॉलेजात पूर्ण केला तर राज्यातील दुसऱ्या सरकारी विद्यापीठात तो धरला जातो. तिचे वर्ष वाचले ते बहुधा यामुळे. इथे एका परीक्षेवर सारे अवलंबून नसते. सत्रभराच्या कामाचे गुण मिळतात, हा खरोखरच मोठा दिलासा आहे. परंतु ती श्रेणी कॉलेजच्या कायमच्या गुणपत्रकावर चढते आणि एपीच्या गुणांसारखी झाकून ठेवता येत नाही. अमेरिकेतील बहुतेक मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जात शाळेत असताना केलेले कॉलेजचे विषयही नोंदवावे लागतात आणि त्यांच्या श्रेणी सरासरीत मोजल्या जातात. म्हणजे सोळाव्या वर्षी इतिहासात मिळालेला सी बाविसाव्या वर्षी पुन्हा समोर येऊन उभा राहतो. नातीच्या मनात डॉक्टर होण्याचा विचार असेल तर ही गोष्ट तिला आजच सांगायला हवी. राज्याबाहेरची आणि खासगी विद्यापीठेही असे क्रेडिट मान्य करतीलच असे नाही. वर्ग शाळेच्याच इमारतीत भरत असेल तर काही जण सरळ नाकारतात.

ती टेक्सासमध्येच पदवी घेणार असेल तर तिन्ही वाटांना कायद्याचा थोडाफार आधार आहे. राज्याच्या सरकारी कॉलेजांनी एपीच्या ३ गुणांना क्रेडिट द्यावे असा नियम आहे आणि त्याहून अधिक गुण मागायचे असतील तर त्याला पुराव्याचा आधार दाखवावा लागतो. आयबीचा पूर्ण डिप्लोमा मिळवून प्रत्येक परीक्षेत किमान ४ गुण असतील तर किमान २४ क्रेडिट द्यावे लागतात. याखेरीज शाळेतील वरच्या क्रमांकांच्या विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश देण्याचा १९९७ चा कायदा आहे. ऑस्टिनच्या विद्यापीठाने ही मर्यादा २०२६ च्या प्रवेशांपासून वरच्या पाच टक्क्यांवर आणली आहे. हा क्रमांक काढताना बहुतेक शाळा या अवघड विषयांना जादा वजन देतात, परंतु किती द्यायचे ते जिल्ह्यागणिक बदलते. तेव्हा मुलाने आणि सुनेने एकमेकांशी वाद घालण्याआधी शाळेच्या समुपदेशकाकडून त्या वजनाचा तक्ता मागून घ्यावा. आपोआप प्रवेश म्हणजे हव्या त्या शाखेला प्रवेश नव्हे, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. कॉम्प्युटर सायन्सची दारे तिथेही वेगळ्या किल्लीनेच उघडतात.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर ज्या तीन-चार विषयांत तिला गती आहे तिथे एपी घ्यावेत आणि लेखन किंवा शासनव्यवस्था असा एखादा विषय ड्युअल क्रेडिटने करावा. आयबी घ्यायचे ते केवळ तिला स्वतःला ती थाळी आवडत असेल तरच घ्यावे. बापाला आवडते म्हणून नव्हे. विद्यापीठे अर्ज पाहताना विद्यार्थिनीने तिच्याच शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांपैकी काय निवडले, हे पाहतात. शेजारच्या शाळेतील मुलीने दहा एपी घेतले म्हणून हिनेही दहा घ्यावेत, याला काही अर्थ नाही. रात्री एकपर्यंतचे जागरण दोन विषयांनी कमी होत असेल, तर ते दोन विषय खुशाल सोडावेत. येत्या रविवारी तिला एवढेच विचारा, की कोणत्या विषयाचे शिक्षक तिला आवडतात. त्या उत्तरातून तक्त्यापेक्षा अधिक कळेल.

प्रश्न : मुलगा यंदा राज्य मंडळाची दहावी सेमी इंग्रजीतून ९१ टक्क्यांनी उत्तीर्ण झाला. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखा मिळेल. माझ्या भावाचे म्हणणे असे की त्याला पुण्याच्या आयबी शाळेत वसतिगृहात ठेवावे, म्हणजे पुढे परदेशी जाणे सोपे होईल. वर्षाचा खर्च सात लाखांच्या पुढे जातो. मुलाला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचे आहे. भारतात की बाहेर, हे ठरलेले नाही. ए लेव्हल म्हणूनही काही असते असे ऐकले. आम्ही काय करावे ?
— एक आई, विजापूर रोड

उत्तर : ताई, ठरलेले नाही असे तुम्ही लिहिले आहे, तेच आधी ठरवायला हवे, निदान साठ-चाळीस इतके तरी. कारण अकरावीचा अभ्यासक्रम पुढच्या दाराकडे पाहून निवडायचा असतो, आणि ही दोन दारे एकमेकांपासून बरीच लांब आहेत.

भारतातील अभियांत्रिकीचा विचार साठ टक्के असेल, तर मुलाला सोलापुरातून हलवू नये, असे मी स्पष्टच सांगतो. आयबीला आणि केंब्रिजच्या ए लेव्हलला आपल्याकडे मान्यता आहे, समकक्षतेचे काम भारतीय विश्वविद्यालय संघ पाहतो, त्यामुळे दार बंद होते असे नाही. अडचण वेळेची आणि अभ्यासाच्या धाटणीची आहे. एमएचटी-सीईटीचा अभ्यासक्रम आपल्याच मंडळाचा, सुमारे ८० टक्के बारावीचा आणि २० टक्के अकरावीचा. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र प्रत्येकी ५० आणि गणित १०० अशी २०० गुणांची ती परीक्षा असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत, आपल्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरते न ओसरते तोच येते आणि दुसरे एप्रिलमध्ये. आयबीची अंतिम परीक्षा एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन मे महिन्यात चालते, म्हणजे नेमकी प्रवेश परीक्षांच्या धामधुमीत, आणि निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. इथे तोवर प्रवेशाची घाई सुरू झालेली असते. दोन्ही डगरींवर हात ठेवून दोन्ही परीक्षांत चांगले करणारी मुले असतात, पण त्यांच्या पाठीशी लहानपणापासूनची तयारी असते.

विषयांचीही एक मेख आहे. आपल्याकडील अभियांत्रिकीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही लागतात. आयबीत दोन शास्त्रविषय घ्यायचे तर सहावा, कलेचा विषय सोडून ती जागा वापरावी लागते. गणिताचे तिथे दोन प्रकार आहेत, अ‍ॅनॅलिसिस अँड अप्रोचेस आणि अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन. अभियांत्रिकीसाठी पहिला घ्यावा आणि तोही हायर लेव्हलला. प्रवेश घेताना शाळा म्हणते, नंतर बदलता येईल. प्रत्यक्षात बदल होतो तो बहुतेक वेळा वरून खाली. तेव्हा पुण्याला जाऊन शाळा पाहायची असेल तर तिथले जलतरण तलाव पाहण्याऐवजी, मागील तीन वर्षांत हायर लेव्हल गणिताला किती मुले बसली, त्यांपैकी किती शेवटपर्यंत टिकली आणि त्यांत राज्य मंडळाची दहावी करून आलेली किती होती, हे तीन आकडे मागा. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका शाळेने यांपैकी पहिल्याच प्रश्नाला माहितीपुस्तिका हातात देऊन वाटेला लावले होते. त्यांनी तिथूनच परतीची गाडी धरली.

परदेशाचा विचार साठ टक्के असेल तर चित्र बदलते, परंतु तरीही आयबीच हवे असे नाही. तुमच्या मुलाच्या धाटणीला ए लेव्हल अधिक जवळचे आहे, असे मला वाटते. ही मूळची १९५१ पासूनची इंग्लंडमधील परीक्षा. केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय स्वरूपात बहुतेक मुले तीन किंवा चारच विषय घेतात आणि ते खोलवर करतात. पहिल्या वर्षाअखेरीस त्याच विषयांची एएस लेव्हल देता येते. चार हजार शब्दांचा निबंध नाही, सहा विषयांचा पसारा नाही. सेमी इंग्रजीतून आलेल्या, गणितात पक्क्या असलेल्या मुलाला हे झेपते. शिवाय केंब्रिज भारतासाठी मार्च महिन्यात एक वेगळे परीक्षासत्र घेते आणि त्याचा निकाल मे महिन्यात लागतो, त्यामुळे इथल्या प्रवेशांची वेळही साधता येते. भावाला ही एक गोष्ट आवर्जून सांगा.

आणि आपल्या बारावीवरून बाहेर जाता येत नाही, हा समज काढून टाका. अमेरिकेतील अनेक विद्यापीठे राज्य मंडळाची बारावी चालवून घेतात, मात्र ती नववीपासूनच्या चारही वर्षांचे गुण मागतात. तेव्हा नववीची गुणपत्रिका आणि अकरावीचा निकाल नीट जपून ठेवावा. आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष समजतात, आणि तिथे अर्ज करताना मुले तिथेच अडकतात. ब्रिटनमध्ये टक्केवारीची अट विद्यापीठागणिक वेगळी आहे. जर्मनीत मात्र नुसत्या बारावीवर थेट पदवीला सहसा घेत नाहीत. इथे पदवीचे एक वर्ष पूर्ण करावे लागते, किंवा तिथे पूर्वतयारीचे एक वर्ष करावे लागते, किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावे लागते. वर्षाला सात लाख म्हणजे दोन वर्षांचे चौदा. हे पैसे पदवीनंतरच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवले तर ते अधिक मोठ्या कामाला येतील, असा माझा हिशेब आहे.

प्रश्न : माझे वडील यंत्रमागावर काम करतात. मला विज्ञान शाखेत बायफोकल घे असे सर म्हणतात, आणि मैत्रिणी म्हणतात की पुढे त्याचा त्रास होतो. घ्यावे का ?
— एक विद्यार्थिनी, अक्कलकोट रोड

उत्तर : बायफोकलमध्ये इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा २०० गुणांचा एकच विषय असतो आणि त्यासाठी दुसरी भाषा व आणखी एक विषय सोडावा लागतो. प्रात्यक्षिकाचा भाग मोठा असल्यामुळे गुण चांगले मिळतात, फी परवडते आणि इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीला प्रयोगशाळेत हात बसतो तो वेगळाच. त्रास होतो तो एकाच ठिकाणी. डॉक्टर किंवा नर्सिंग यांचा थोडाही विचार मनात असेल तर जीवशास्त्र सोडू नकोस, कारण त्यांच्या प्रवेशासाठी ते बारावीच्या पातळीवर केलेले असावेच लागते. तसा विचार नसेल तर सरांचे ऐकावे.

प्रश्न : मी इथेच अकरावी विज्ञानला आहे. अमेरिकेत अर्ज करण्याची इच्छा आहे. कॉलेज सांभाळून एपी कॅल्क्युलस घरी अभ्यास करून देता येईल का ?
— एक विद्यार्थी, होटगी रोड

उत्तर : देता येईल. एपीची परीक्षा देण्यासाठी त्या विषयाच्या वर्गात बसलेले असणे बंधनकारक नाही. परीक्षा घेणाऱ्या एखाद्या केंद्राने बाहेरचा विद्यार्थी म्हणून तुला स्वीकारले की झाले. मात्र ती अकरावीच्या मे महिन्यात दे. बारावीच्या वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड आणि त्यानंतर सीईटी आहे, त्यात तिसरी परीक्षा कोंबू नकोस. अकरावीत दिलीस तर गुण जुलैमध्ये हाती येतात आणि बारावीत अर्ज भरताना वापरता येतात.

अडचण एवढीच की आपल्या मंडळात संकलन मुख्यत्वे बारावीच्या पुस्तकात आहे, ते तुला आधी करावे लागेल. एबी आणि बीसी अशा दोन परीक्षांपैकी बीसीमध्ये अनंत श्रेणी, ध्रुवीय निर्देशक वगैरे भाग जास्तीचा असतो. तू अकरावीत असशील आणि शिकवायला कोणी नसेल तर एबी पुरे.

सूत्रांपेक्षा प्रश्नांची धाटणी तुला जड जाईल. मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवले, त्यामुळे आपल्या मुलांची सवय मला पाठ आहे. उत्तर आले की त्याखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढे जायचे. एपीत एक प्रश्न नेहमी असा असतो, की टाकीत पाणी पडण्याचा वेग काही-काही वेळाने मोजून तक्त्यात दिलेला आहे, सूत्र दिलेलेच नाही. त्यावरून एकूण पाणी अंदाजे किती जमले ते काढायचे, आणि मग त्या संकलनाचा अर्थ एककासह एका वाक्यात लिहायचा. नळाला रोज पाणी न येणाऱ्या आपल्या शहरातल्या मुलांना हा प्रश्न खरे तर घरचा वाटायला हवा. पण असाच एक प्रश्न मी शिकवणीतल्या एका हुशार मुलाला घातला तेव्हा त्याने आकडा अचूक काढला आणि वाक्याच्या जागी पुन्हा तोच आकडा लिहिला. लिटर लिहिले नव्हते, आणि कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत, हेही नव्हते. ते वाक्य लिहायला त्याला पुढे तीन आठवडे लागले. तुला इंग्रजीतून रोज असे एक वाक्य लिहिण्याचा सराव करावा लागेल.

दुसरी सवय कॅल्क्युलेटरची. आपल्याकडे बोर्डात तो चालत नाही, तिथे पेपराच्या काही भागांत आलेख काढणारा कॅल्क्युलेटर अपेक्षितच असतो. आता बहुपर्यायी प्रश्न संगणकावर सोडवायचे असतात आणि त्या प्रणालीतच आलेखाचे साधन दिलेले असते; मोठी उत्तरे मात्र कागदावर हाताने लिहायची असतात. हे साधन आधी घरी वापरून पाहा.

नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत होते, त्यामुळे दिवाळीपूर्वीच पुण्या-मुंबईच्या केंद्रांना पत्र लिही. बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी जागा थोड्याच असतात. पुण्याचे केंद्र मिळाले तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा. सकाळच्या सत्राचा पेपर आठला सुरू होतो, आणि पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पुण्यात पोचेपर्यंत तो बराचसा लिहून झालेला असेल.